परक्या भाषेतील गाणे

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे शहराच्या मध्यवस्तीत एक विस्तीर्ण संमेलनगृह आहे. एरवी तेथे वैद्य, व्यापारी, अभियंते यांच्या गंभीर सभा भरतात. परंतु दर वर्षी उन्हाळ्यातील तीन दिवस या इमारतीचे रूप पार पालटून जाते. कोणी पुठ्ठ्याची भलीमोठी तलवार खांद्यावर टाकून चाललेला असतो, कोणी निळ्या केसांचा टोप घातलेला असतो, तर कोणाच्या पाठीवर कापडाचे पंख असतात आणि ते दाराच्या चौकटीत अडकू नयेत म्हणून त्याचा मित्र मागून ते सावरीत असतो. रस्त्याने जाणारे लोक क्षणभर थबकतात व हसून पुढे जातात. या संमेलनाचे नाव आहे ओटाकॉन.

रेखाटलेल्या चित्रांना गती देऊन जपानमध्ये जे बोलपट व मालिका तयार होतात, त्यांना 'ॲनिमे' असे म्हणतात. त्यांच्या चाहत्यांचे हे संमेलन. १९९४ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका लहान गावी थोडक्या मंडळींनी ते सुरू केले. पुढे ते बाल्टिमोर येथे भरू लागले आणि २०१७ पासून वॉशिंग्टनला भरते. अलीकडच्या वर्षांत त्यास ४०,००० हून अधिक लोक आले आहेत. विशेष हे की, एवढा मोठा व्याप सांभाळणारे कार्यकर्ते वेतन घेत नाहीत. वर्षभर आपापली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून ते हे काम करतात.

संमेलनाच्या वेळापत्रकात लहान लहान सभा पुष्कळ असतात. त्यांना तेथे 'पॅनेल' म्हणतात. जपानी लोकप्रिय संगीतावरील सभा ही त्यांपैकी एक नेहमीची. जो श्रोता तीस प्रथमच येतो, त्याची थोडी निराशाच होते. कारण येथे गायक नसतो, वाद्यवृंद नसतो. एक साधे दालन, रांगेने मांडलेल्या खुर्च्या, समोर पडदा, एक मेज आणि मेजावर संगणक. वक्ता हा बहुधा श्रोत्यांसारखाच एक रसिक असतो. कधी तो महाविद्यालयातील विद्यार्थी असतो, कधी एखाद्या कचेरीतील नोकर. पंधरावीस वर्षे त्याने ध्वनिमुद्रिका जमविलेल्या असतात, त्यांच्या वेष्टनांवरील बारीक अक्षरे शब्दकोशाच्या साहाय्याने लावलेली असतात, आणि जे हाती लागले ते तासाभरात सांगून टाकण्याची त्यास घाई झालेली असते. आरंभीची चारपाच मिनिटे बहुधा ध्वनिक्षेपकाची तार जुळविण्यातच जातात. श्रोते त्याबद्दल कुरकुर करीत नाहीत. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी मुलाशी त्यांची ओळख होऊन जाते.

मग पहिला खेळ सुरू होतो. वक्ता एखाद्या गाण्याचे पहिले दोनतीन सेकंदच वाजवितो आणि थांबतो. एवढ्या अवधीत शब्द तर सोडाच, चालही पुरती उलगडलेली नसते. ढोलावर एक थाप पडलेली असते किंवा सतारीसारखी एखादी तार झणकारलेली असते. तरीही मागच्या रांगेतून कोणीतरी गाण्याचे नाव ओरडून सांगते, आणि ते बरोबर असते! ही काही जादू नव्हे. ॲनिमे मालिकेच्या प्रत्येक भागाच्या प्रारंभी एक शीर्षकगीत असते आणि त्याची लांबी सामान्यतः दीड मिनिटाची ठरलेली असते. संगीतकाराला त्या दीड मिनिटात सर्व काही बसवावे लागते: प्रारंभीचा झणत्कार, कडवे, चढत जाणारी चाल आणि शेवटी ध्रुपद. एकच गीत आठवड्यामागून आठवडे ऐकल्यामुळे त्याचा पहिला स्वरही मुलांच्या कानांत घर करून बसतो. ध्वनिमुद्रिकेवर मात्र तेच गीत चारपाच मिनिटांचे असते. म्हणून या सभेत एक गमतीचा प्रसंग हमखास घडतो. वक्ता पूर्ण गीत लावतो. सर्व दालन मोठ्या उत्साहाने गाऊ लागते. दीड मिनिट संपते, दुसरे कडवे सुरू होते, आणि सगळे आवाज एकाएकी बंद पडतात. एखादाच खरा अभ्यासू तेवढा गात राहतो आणि सारे वळून त्याच्याकडे कौतुकाने पाहतात.

या परंपरेच्या आरंभीच्या काळात एक मोठा कवी उभा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका सुरू झाली. यंत्रमानव असलेल्या एका लहान मुलाची ती कथा. तिच्या शीर्षकगीताची चाल तात्सुओ ताकाई यांनी बांधली आणि शब्द लिहिले शुंतारो तानिकावा यांनी. तानिकावा हे आधुनिक जपानी कवींतील अग्रगण्य कवी. २०२४ साली वयाच्या ९२ व्या वर्षी ते निवर्तले. एवढ्या थोर कवीने मुलांच्या मालिकेसाठी लेखणी उचलली आणि ते काम हलके मानले नाही. चाहत्यांच्या सभेत हे सांगितले जाते तेव्हा दालनात थोडा वेळ शांतता पसरते.

भारतातील मुलांना जपानी चित्रमालिका वेगळ्या वाटेने भेटली. १९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची मालिका आली. ती मूळची जपानी. परंतु तिचे शीर्षकगीत हिंदीत नव्याने रचण्यात आले. शब्द गुलजार यांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे. ते घरोघरी इतके आपलेसे झाले की, ही मालिका जपानमध्ये तयार झाली आहे याचा कित्येकांना पत्ताच लागला नाही. ओटाकॉनसारख्या संमेलनातील रसिकांचा आग्रह नेमका याच्या उलट असतो. शब्द कळो वा न कळो, त्यांना मूळचे जपानी गीतच हवे असते. दोन्ही रीतींनी मुलांना आनंदच मिळाला, तेव्हा त्यांत एकीला उणे लेखण्याचे कारण नाही.

परंतु न कळणाऱ्या भाषेतील गीत ऐकताना काय हाती लागते आणि काय निसटते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधावयाचे, तर ॲनिमेच्याही थोडे मागे जाऊन एका गाण्याची हकिगत ऐकावी लागते.

१९६० साली जपानमध्ये मोठी खळबळ माजली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे सैन्य जपानमध्ये तळ देऊन राहिले होते. ते पुढेही राहावे असा सुरक्षा करार उभय देशांत व्हावयाचा होता. जानेवारी १९६० मध्ये वॉशिंग्टन येथे त्यावर सह्याही झाल्या. या कराराविरुद्ध विद्यार्थी, कामगार, लेखक असे असंख्य लोक टोकियोच्या रस्त्यांवर उतरले. तथापि त्यांचा विरोध निष्फळ ठरला. जून महिन्यात करार अमलात आला. निदर्शने करणाऱ्या या लोकांमध्ये रोकुसुके एई नावाचे २७ वर्षांचे एक तरुण लेखक होते. निदर्शनाहून घरी परतताना त्यांचे मन खिन्न झाले होते. त्या खिन्नतेतून पुढे एक गीत जन्मास आले. त्याचे नाव 'उए ओ मुइते अरुको', म्हणजे 'वर पाहत चालू या'. मान वर करून का चालावयाचे? तर डोळ्यांतील आसवे खाली ओघळू नयेत म्हणून. गीतात कराराचा उल्लेख नाही, राजकारणाचे नावही नाही. रात्री एकटाच चालणारा एक माणूस आहे, एवढेच. म्हणूनच ज्याला जे दुःख असेल ते त्याने त्या गीतात ठेवावे, अशी त्यात जागा राहिली.

हाचिदाई नाकामुरा यांनी त्यास चाल दिली. हे पियानोवादक होते आणि जॅझ संगीतात मुरलेले होते. गाण्यासाठी निवड झाली ती क्यू साकामोतो या १९ वर्षांच्या तरुणाची. कावासाकी शहरात जन्मलेला हा मुलगा आपल्या आईबापांचे नववे अपत्य. 'क्यू' या शब्दाचा अर्थच नऊ. शब्दांना हलकेच हिसका देऊन, स्वर तोडून गाण्याची त्याची एक खास ढब होती. कवी एई यांना ती प्रथम मुळीच रुचली नाही. आपल्या शब्दांची हा मुलगा थट्टा करीत आहे, असे त्यांना वाटले. पण श्रोत्यांचे मत निराळे पडले. १९६१ च्या ऑक्टोबरात ध्वनिमुद्रिका निघाली आणि जपानभर ते गीत गाजले. दुःख आणि उमेद ही दोन्ही त्याच आवाजात होती. गाण्याच्या अखेरीस साकामोतो शब्द सोडून देतो आणि नुसती शिट्टी वाजवीत जातो. अंधाऱ्या रस्त्याने जाताना मनुष्य धीर येण्यासाठी शिट्टी वाजवितो, तशी ती शिट्टी आहे.

पुढे एका इंग्रज ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रमुखाने जपानमध्ये हे गीत ऐकले आणि चाल आपल्या देशी नेली. १९६३ च्या आरंभी केनी बॉल यांच्या वाद्यवृंदाने ती शब्दांवाचून वाजविली. पण नाव कोणते द्यावे? मूळ नाव इंग्रजांच्या जिभेवर बसेना. तेव्हा इंग्लंडमध्ये लोकांना जे थोडे जपानी शब्द ठाऊक होते, त्यांतील एक उचलून या गाण्याला चिकटविण्यात आला: 'सुकियाकी'. सुकियाकी हा एक खाद्यपदार्थ आहे. मांसाचे पातळ काप, भाज्या व सोयाबीनचे पनीर पसरट लोखंडी भांड्यात शिजवून तो करतात. पदार्थ रुचकर असेल. परंतु गाण्याचा आणि त्याचा काडीमात्र संबंध नाही. एखादे मराठी विरहगीत परदेशात 'पुरणपोळी' या नावाने विकले जावे, तसाच हा प्रकार झाला.

तरीही आश्चर्य असे की, गाणे या नावाखाली दबून गेले नाही. साकामोतो यांची मूळ जपानी ध्वनिमुद्रिका त्याच विचित्र नावाने अमेरिकेत विक्रीस आली. आकाशवाणी केंद्रांवरून ती वाजू लागताच लोक पुनःपुन्हा तिची मागणी करू लागले. १५ जून १९६३ रोजी 'बिलबोर्ड' या नियतकालिकाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली आणि तीन आठवडे तेथेच राहिली. जपानी भाषेतील दुसऱ्या कोणत्याही गीताला अद्याप ते स्थान लाभलेले नाही. युद्ध संपून तेव्हा अठराच वर्षे झाली होती. ज्या देशाशी झालेल्या करारामुळे कवी खिन्न होऊन घरी परतला, त्याच देशातील घरोघरी त्याचे गीत वाजत होते, आणि ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचा एक तरी शब्द कळत होता. त्या गीताच्या मुळाशी काय आहे हे कळले असते, तर त्यांनी ते ऐकले असते का? ऐकले असते, असे वाटते; कारण दुःख झाकून चालणारा माणूस सगळ्याच देशांत असतो. पण सभेत हा प्रश्न निघाला की दोन तट पडतात आणि वक्त्याला घड्याळाकडे बोट दाखवावे लागते.

शब्द कळले नाहीत, मग लोकांना आवडले काय? याचा एक भाग स्वरांत आहे. एकोणिसाव्या शतकात जपानने शाळांतून संगीत शिकविण्याचे ठरविले, तेव्हा शुजी इसावा या शिक्षणतज्ज्ञांनी अमेरिकेतून ल्यूथर व्हायटिंग मेसन नावाच्या संगीतशिक्षकास बोलावून घेतले. मुलांसाठी गीतांची पुस्तके तयार झाली. त्यांत काही पाश्चात्त्य चालींवर जपानी शब्द बसविले होते. 'होतारु नो हिकारि', म्हणजे 'काजव्यांचा प्रकाश', हे त्यांतील एक गीत एका स्कॉटिश लोकगीताच्या चालीवर आहे आणि जपानी शाळांच्या निरोपसमारंभात ते गायले जात आले आहे. या चाली जपानी कानांस परक्या वाटल्या नाहीत. कारण त्यांत पाचच स्वर मुख्य होते. सात स्वरांतील चौथा आणि सातवा गाळला म्हणजे जे पाच उरतात, त्या स्वरमालेला जपानी लोक 'योनानुकि' म्हणतात. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात आणि 'नुकि' म्हणजे वगळलेले. सात स्वरांतून मध्यम आणि निषाद वगळले की काय उरते, हे पेटीवर वाजवून पाहावे: सा, रे, ग, प, ध. संगीताच्या वर्गात बसलेली मुले ते ताबडतोब ओळखतील. भूप रागाचे स्वर हेच आहेत! राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. त्याचे चलन, त्याची विश्रांतिस्थाने, त्याचा विस्तार ही निराळीच गोष्ट आहे. म्हणून जपानी गाणे भूप रागात आहे असे म्हणणे चूक ठरेल. परंतु 'उए ओ मुइते अरुको' या गीताच्या चालीचा बराचसा भाग याच पाच स्वरांतून चालतो, आणि तो ऐकताना महाराष्ट्रातील श्रोत्याला हे पूर्वी कोठेतरी ऐकले आहे असे वाटले, तर त्यात नवल नाही.

साकामोतो यांना अमेरिकेत एवढे यश पुन्हा मिळाले नाही. मायदेशी मात्र ते लोकांचे आवडते गायक व नट म्हणून राहिले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी सायंकाळी टोकियोहून ओसाकाकडे निघालेल्या विमानात ते बसले होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमानाच्या शेपटीकडील भाग निकामी झाला. अर्ध्या तासाहून अधिक काळ वैमानिक ते सावरण्यासाठी झगडत होते; अखेर ते गुन्मा प्रांतातील डोंगरात कोसळले. विमानात ५२४ माणसे होती. त्यांतील चौघीजणी तेवढ्या वाचल्या. साकामोतो तेव्हा ४३ वर्षांचे होते. कावासाकीच्या रेल्वेस्थानकावर गाडी सुटण्याची सूचना म्हणून २०१६ पासून त्यांच्या याच गाण्याची चाल वाजू लागली.

सभेत ही हकिगत सांगून झाली की वक्ता लगेच पुढचे गाणे लावीत नाही. मग तो अलीकडच्या काळाकडे वळतो आणि पुष्कळसे भराभर सांगून जातो. १९८८ च्या सुमारास टोकियोतील एका आकाशवाणी केंद्रामुळे 'जे-पॉप' हा शब्द प्रचारात आला. २००४ साली 'लार्क-आँ-सिएल' हा प्रसिद्ध जपानी वाद्यवृंद ओटाकॉनच्या निमित्ताने बाल्टिमोरला आला आणि सुमारे १२,००० श्रोत्यांपुढे गायला. उत्तर अमेरिकेतील त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम होता. २००७ साली साप्पोरो येथील एका कंपनीने 'हात्सुने मिकु' नावाची गायिका निर्माण केली. निर्माण केली असेच म्हटले पाहिजे. कारण ती मनुष्य नसून संगणकात साठविलेला आवाज आहे. पण तो आवाजही मुळात एका खऱ्या अभिनेत्रीच्या कंठातून घेतलेला आहे. संगणकाच्या या गायिकेला ऐकण्यासाठी हजारो माणसे रंगीत दिव्यांच्या कांड्या हलवीत उभी राहतात. हे काहींना अद्भुत वाटते, काहींना हास्यास्पद. सभेत दोन्ही प्रकारचे लोक बसलेले असतात.

एका गाण्याशी मात्र वक्ता पुन्हा रेंगाळतो. मिकी मात्सुबारा या गायिकेने १९७९ साली, १९ वर्षांची असताना, 'मायोनाका नो दोआ' म्हणजे 'मध्यरात्रीचे दार' हे आपले पहिले गीत गायले. जपानबाहेर ते फारसे कोणी ऐकले नव्हते. २००४ साली आजाराने त्यांचे निधन झाले. आणि २०२० च्या अखेरीस, घराघरांत अडकून पडलेल्या साथीच्या त्या वर्षात, जगभरच्या तरुण मुलांना ते गीत एकाएकी सापडले व एकमेकांना ऐकविता ऐकविता ते सर्व खंडांत पोचले. गाणारीला हे कधी कळले नाही.

शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखलेली असतात. या ध्वनिमुद्रिका कोठे मिळतील, हा प्रश्न ठरलेला. त्याखालोखाल विचारतात ते उच्चारांविषयी. रोमन लिपीत लिहिलेले जपानी शब्द अमेरिकन मुले आपल्या वळणाने वाचतात आणि गाताना फसतात. जपानी अक्षर बहुतेक स्वरान्त असते व प्रत्येकास सारखाच वेळ द्यावा लागतो. मराठी मुलाला ही अडचण कमी पडेल. त्याने जपानी अक्षरमालेचा तक्ता पाहिला तर त्यास आणखी एक ओळखीची खूण दिसेल. तक्त्यात प्रथम अ, इ, उ, ए, ओ हे स्वर येतात आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. कंठापासून ओठांकडे जाणारा हा क्रम आपल्या वर्णमालेशी जुळता आहे, आणि हे केवळ योगायोगाने झालेले नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत ग्रंथांबरोबर वर्णमालेचा अभ्यास चीनमार्गे जपानला नेला. त्याच अभ्यासातून जपानी अक्षरांची ही मांडणी सिद्ध झाली.

एवढ्यात दार उघडते. पुढच्या सभेचे लोक बाहेर खोळंबलेले असतात आणि स्वयंसेवक हाताने वेळ संपल्याची खूण करतो. वक्ता तार काढून गुंडाळू लागतो. दोघेतिघे तरीही मेजाभोवती उभेच राहतात. एकाने कागद पुढे केलेला असतो आणि त्यावर 'सुकियाकी' हे नाव खोडून त्याखाली गाण्याचे खरे नाव लिहून घ्यावयाचे असते.